लाल शाईतल्या दोन ओळी

बाई: मग ते सगळं कप्तानानं मोठ्यानं वाचलं?

ताई: अख्खं वाचलं. हॉस्पिटलच्या खालच्या हॉलमध्ये शवपेटी ठेवली होती, भोवती बोटीवरची पन्नासेक माणसं, आणि हा आपला कागदात बघून वाचतोय. भाषांतर कुणाचं, तर आपल्या कचेरीचं. म्हणजे नाव कुणाचं गेलं? तुमचं. एकतीस वर्षं कचेरी चालवलीत तुम्ही, कधी मान खाली घालायची वेळ आली होती का?

बाई: आली होती. दोनदा. तू मला पहिल्यापासून नीट सांग. हाड कंबरेचं मोडलंय, कान शाबूत आहेत. गेलं कोण?

ताई: बोटीवरचा सुतार. श्रीलंकेचा. न्यूमोनिया झाला म्हणून इथं उतरवला, आठ दिवसांत गेला. धाकटा भाऊ विमानानं आला त्याला न्यायला. बोटीच्या कंपनीनं काम आपल्याकडे दिलं. शवपेटीवरची पाटी, वर्तमानपत्रातल्या चार ओळी आणि कप्तानानं वाचायचं ते निरोपाचं भाषण. असलं काम मी डोळे मिटून केलं असतं. पण हल्ली कुठल्या देशाच्या माणसाला काय म्हणायचं हे ठरवतं कोण? नवी. कार्डांचा खोका तिच्याकडे ना. तुम्हीच दिलात.

बाई: आल्यापासून हे चौथ्यांदा म्हणालीस.

ताई: मी कुठं काय म्हणतेय. दिलात तर दिलात. सगळ्यांसमोर दिलात, मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला एकोणीस वर्षं झाली तिथं, तिला तीन. अजून तिला सगळे नवी म्हणतात, पण खिडकीजवळचं टेबल तिचं, खुर्चीवरची उशी तिची. ती उशीसुद्धा तुमच्या घरची आहे, मी ओळखली. परवा ती अफगाणी बाई आली होती, मुलाच्या शाळेचा दाखला घेऊन...

बाई: अफगाण. अफगाणी हे त्यांचं चलन.

ताई: अफगाण बाई. मी समोर बसलेली, आणि दारातूनच विचारते, त्या हसऱ्या ताई कुठं आहेत. हसऱ्या. कामाला हसू लागतं हे मला माहीत नव्हतं.

बाई: सुताराचं सांग.

ताई: तर कप्तान वाचतोय. भाऊ पहिल्या रांगेत. त्याला आपल्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, आपला हात जोडून उभा आहे. आणि कप्तान म्हणाला, आज आपण एका सिंहली सुताराला निरोप देतोय. त्या सबंध भाषणातला तेवढा एक शब्द त्याला कळला. मी बघत होते त्याच्याकडे. त्यानं शेजारच्या नर्सला काहीतरी विचारलं, पाटीकडे बोट दाखवून. तिनं सांगितलं असावं तिथंही तेच लिहिलंय म्हणून. मग तो पुढे गेला, खिशातला रुमाल काढला आणि पाटीवर पसरला. चारी कोपरे नीट ओढून घेतले. नंतर मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलला. आवाज चढवला नाही, काही नाही.

बाई: काय बोलला?

ताई: सांगते. घोटभर पाणी घेऊ?

बाई: घे. काय बोलला?

ताई: म्हणाला, आम्ही तमिळ. आम्ही लहान असताना एक जमाव आमच्या दारात आला होता. तुम्ही कोण, म्हणून विचारलं. सिंहली आहोत असं म्हटलं असतं तर घर वाचलं असतं. हा माझा भाऊ चौदा वर्षांचा होता, तोच पुढे झाला. खोटं बोलला नाही. घर जळलं आमचं. आता त्याचं तोंड मिटल्यावर तुम्ही त्याच्याकडून ते वदवून घेतलंत.

बाई: असं म्हणाला.

ताई: हो. कप्तानानं कागदाची घडी घातली. लोक खाली बघत बाहेर पडले.

बाई: आणि नवी कुठं होती?

ताई: मागे, भिंतीला टेकून. पांढरीफटक. दुसऱ्या दिवशी बोटीच्या कंपनीचं पत्र आलं. आता कचेरी बघणाऱ्या तुमच्या भाच्यानं तिला आत बोलावलं, दार लावलं. दहा मिनिटांत बाहेर आली. सोमवारपासून येऊ नकोस म्हणाला तो. तिनं टेबल आवरलं, आणि कार्डांचा खोका उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. ताई, आता हा तुमच्याकडे, एवढंच. रडली नाही, भांडली नाही. मला वाटलं निदान काहीतरी बोलेल.

बाई: मग मिळाला म्हणायचा तुला.

ताई: मिळाला.

बाई: कुठं आहे?

ताई: पिशवीत. कचेरीत ठेववेना.

बाई: हिला खोका मिळाला, आणि ही तो पिशवीत घालून हिंडतेय. बरं. मला एक समजत नाही. श्रीलंकेच्या कार्डावर खाली लाल शाईत दोन ओळी आहेत. आपल्या सगळ्या कार्डांवर आहेत. वर काळ्या शाईत काय म्हणावं, खाली लाल शाईत काय म्हणू नये. डच म्हणावं, वलंदेज म्हणू नये. इथिओपियन म्हणावं, हबशी म्हणू नये. त्या पोरीला लाल शाई दिसली नाही?

ताई: नसेल दिसली. घाईत असते सदा.

बाई: ती घाईत नसते. तिचा तोच तर दोष होता, एका पानाला दोन तास. काढ ते कार्ड.

ताई: आता कशाला, बाई. झालं ते झालं.

बाई: माझा चष्मा उशाशी आहे, तो दे. आणि कार्ड काढ.

ताई: हे घ्या.

बाई: हं. हे कोरं आहे.

ताई: कोरं कसं? लिहिलंय की. सिंहली.

बाई: कागद कोरा आहे. बाकी सगळी कार्डं कडेला पिवळी पडलीत, कोपरे मऊ झालेत. याचा कोपरा टोचतोय बोटाला. आणि हा ह बघ. माझ्या ह ला शेपूट नसते. निम्मी कार्डं मी सांगितली आणि तू लिहिलीस. तुझ्या ह ला असते.

ताई: द्या ते इकडे, बाई. ठेवून देते.

बाई: जुनं कार्ड कुठं आहे?

ताई: माझ्या पर्समध्ये.

बाई: फाडलं नाहीस?

ताई: फाडवलं नाही. दोनदा हातात घेतलं. त्यावरच्या लाल ओळी मीच लिहिल्यात हो.

बाई: माहीत आहे. ती श्रीलंकेची तमिळ नर्स आली होती, खूप वर्षांपूर्वी, लग्नाच्या कागदासाठी. मी तिला सिंहली लिहिलं होतं, आणि ती पेन हातात धरून नुसती बसून राहिली, सही करेना. शेवटी म्हणाली, यावर सही केली तर माझी आई मला ओळखणार नाही. त्या संध्याकाळी मी सांगितलं आणि तू लिहून घेतलंस. श्रीलंकन म्हणावं. सरसकट सिंहली म्हणू नये, तिथं तमिळही आहेत, आणि या शब्दापायी माणसं मेलीत. मान खाली घालायची वेळ आली ती एकदा ही. म्हणजे कचेरीत कुणा एकाला हे पक्कं ठाऊक असेल, तर ते तुला.

ताई: हो.

बाई: कधी बदललंस?

ताई: तुम्ही कचेरी सोडल्यावर दोन महिन्यांनी. ती जेवायला गेली होती, खोका उघडाच. तिला कुलूप लावायचंही सुचत नाही, सगळ्यांवर विश्वास. मला वाटलं, एखादं गिऱ्हाईक येईल, तोंड वाकडं करेल, बोलाबोली होईल, तुमच्या कानावर येईल. मग तुम्ही म्हणाल, अरेरे, हिला उगाच दिला. एवढंच हवं होतं मला, तुम्ही अरेरे म्हणायला हवं होतं. कुणी मरेल आणि त्याच्या पाटीवर ते जाईल असं कुठं मनात होतं? मी तर नंतर विसरूनही गेले होते.

बाई: विसरली होतीस.

ताई: शपथेवर.

बाई: म्हणजे सुताराचं काम आलं तेव्हा तुला काही माहीतच नव्हतं? तुझं टेबल तिच्यापासून चार हातांवर. एका पानाला दोन तास लावणाऱ्या पोरीनं लाल शाई नसलेलं कार्ड बघितलं आणि कुणाला काही विचारलं नाही?

ताई: विचारलं.

बाई: कुणाला?

ताई: मला. कार्ड घेऊन आली. म्हणाली, ताई, या एकाच कार्डावर खाली लाल काही नाही, आणि मला शंका येतेय. सिंहली बरोबर आहे ना? बाईंना फोन करू का?

बाई: तू काय म्हणालीस?

ताई: मी म्हटलं, बाईंच्या कार्डावर शंका घेतेस?

बाई: एवढंच?

ताई: एवढंच. ती लाजली. सॉरी ताई म्हणाली आणि जाऊन लिहायला बसली. मला तेव्हा पुरतं आठवत होतं, बाई. मला तेव्हाही थांबवता आलं असतं. दिवसभर होता. संध्याकाळी पाटी रंगवणाऱ्याचा माणूस कागद घ्यायला आला तेव्हा त्याच्या हातात तो कागद मीच दिला. तिला खाली कुणीतरी बोलावलं होतं म्हणून. आणि मनात काय होतं सांगू? मनात होतं, बाईंना फोन करू का म्हणजे काय. ही तुम्हाला फोन करते. मला चार महिन्यांत तुम्ही एकदा तरी फोन केलात?

बाई: नाही केला.

ताई: का दिलात तिला? आज सांगाच. माझ्यात काय कमी होतं? मी एकही सुट्टी न घेता...

बाई: कमी काही नव्हतं. म्हणूनच.

ताई: म्हणजे?

बाई: शेवटची दोन वर्षं फोन वाजला की लोक विचारायचे, ताई आहेत का. पूर्वी विचारायचे, बाई आहेत का. मी तिथंच बसलेली असायचे, खिडकीशी. तू बाहेर असलीस की म्हणायचे, मग नंतर करतो. मी आहे ना, असं म्हणावंसं वाटायचं, पण म्हणायचे नाही. कोर्टातले लोक, बंदरावरचे डॉक्टर, सगळे. भाषा माझ्यापेक्षा तुला चांगली यायला लागली होती आणि ते मला तुझ्याआधी कळलं. खोका तुला दिला असता तर सहा महिन्यांत तो तुझा झाला असता. तिला दिला तर ती जन्मभर बाईंचा खोका म्हणेल. म्हणते अजून.

ताई: तुम्ही माझ्यावर जळत होतात?

बाई: जळत होते. साधा शब्द आहे, दुसरा शोधायची गरज नाही.

ताई: मग हे तेव्हाच सांगितलं असतंत तर...

बाई: तर काय? तू कार्ड बदललं नसतंस? त्याची जोड लावू नकोस. माझं माझ्यापाशी, त्याचं मी बघेन. कार्ड तू बदललंस, आणि विचारायला आलेल्या पोरीला तू परत पाठवलंस. भाच्याला आज सांगायचं. माझ्यादेखत फोन कर.

ताई: करते. पण तिला मी कसं...

(कुलपात किल्ली फिरते. नवी आत येते.)

ताई: हिच्याकडे घराची किल्ली आहे?

बाई: रोज संध्याकाळी कचेरी सुटायच्या वेळी येते. या चार दिवसांतही आली, पण यातलं अवाक्षर बोलली नाही. काठी धरून मला जिना उतरवते, पुन्हा चढवते.

ताई: चार महिने? मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. मी आले असते ना, बाई. मी रोज आले असते.

बाई: आली असतीस. पण तुझ्या खांद्यावर हात टाकणं मला जमलं नसतं. आत ये गं, दारात उभी राहू नकोस. ताईला तुझ्याशी बोलायचंय.

नवी: मी नंतर येऊ का? खोका आणलाय का ताईंनी? काही राहिलं का माझं तिकडे?

ताई: बस जरा.

नवी: उभीच बरी आहे.

ताई: ते कार्ड मी बदललं होतं. श्रीलंकेचं. मूळ कार्ड माझ्याकडे आहे, हे बघ, खाली लाल शाई आहे. तुला खोका मिळाला ते मला सहन झालं नाही, म्हणून केलं. तू विचारायला आलीस तेव्हा मला सगळं आठवत होतं.

नवी: द्या बघू ते इकडे.

ताई: घे.

नवी: बदललेलं एकच होतं?

ताई: एकच.

नवी: नक्की? चार रात्री मी अंथरुणात पडून एकेक कार्ड आठवतेय. तुर्क लिहिलं ते बरोबर होतं का, त्या नायजेरियन मुलीच्या अर्जात काय लिहिलं, त्या आयरिश म्हाताऱ्याला मी कुठं इंग्रज तर केलं नाही. मला वाटायला लागलं होतं, मी तीन वर्षं सगळ्यांना भलत्याच नावानं बोलावतेय आणि ते बिचारे गप्प बसून घेतायत. आईला म्हटलं, मला हे काम येत नाही, मी दुसरं काही बघते. एकच होतं ना?

ताई: एकच होतं. देवाशपथ.

नवी: मी तुम्हाला विचारलं होतं, ताई.

ताई: हो.

नवी: बाईंना फोन करत होते मी. तुमच्यामुळे नाही केला. मला वाटलं, ताईंना वाईट वाटेल, त्यांच्यावर विश्वास नाही असं होईल.

बाई: हिचा भाच्याला फोन झाला की सोमवारी तू कामावर ये.

नवी: ते सोमवारी बघते, बाई. आत्ता नका विचारू. मी त्या भावाकडूनच येतेय. बंदरामागच्या लॉजवर उतरलाय, दुसऱ्या मजल्यावर. सकाळपासून तिथंच होते.

ताई: तू गेलीस त्याच्याकडे?

नवी: पाटी बदलायला नको? उद्या सकाळी न्यायचं आहे त्यांना. रंगवणारा म्हणाला, तासाभरात दुसरी करून देतो, पण शब्द पक्के आणा. म्हटलं आता कार्ड नको, माणसालाच विचारू. आधी भावानं दार लावून घेतलं. मी जिन्यात बसले. मग उघडलं त्यानं.

बाई: काय लिही म्हणाला?

नवी: आधी म्हणाला, काहीच नको, नाव आणि गाव पुरे. मग मी खाली उतरले तर वरून हाक मारली. म्हणाला, तमिळ लिहा. आणि श्रीलंकनही लिहा. देश त्याचाही होता, तो कुणी काढून घ्यायचा नाही. दोन्ही लिहा.

बाई: आधी कुठलं? आधी तमिळ की आधी श्रीलंकन?

नवी: मीही हेच विचारलं. तो म्हणाला, आधी सुतार.

बाई: हं. बरोबर सांगितलं त्यानं.

नवी: पण तो मलाच धरून बसलाय. हे तू लिहिलंस, तू मुलगी दिसतेस चांगली, मग असं कसं लिहिलंस, परत परत तेच. मी म्हटलं, चूक झाली. तो म्हणतो, चूक कशी होते ते सांग. मला काय माहीत कशी झाली? मला आत्ता कळतंय.

बाई: ताई, ऊठ.

ताई: मी?

बाई: भाच्याला फोन वाटेत कर. मी नंतर त्याला विचारून घेईन.

ताई: बाई, त्याच्यासमोर मी काय तोंड घेऊन जाऊ? कागदावर लिहून देते सगळं, इंग्रजीत, सही करून. नवी नेऊन देईल. म्हणजे... तिनं नेलं तर.

नवी: मी नेणार नाही.

ताई: माझ्याबरोबर येशील? नुसती दारापर्यंत?

नवी: नाही, ताई. बाईंची जिना उतरायची वेळ झालीय.

ताई: बरं. दुसरा मजला म्हणालीस ना?

नवी: जिना चढल्यावर डावीकडची शेवटची खोली. आणि ताई...

ताई: काय?

नवी: त्याला एका कानानं ऐकू येत नाही. मोठ्यानं सांगावं लागेल.